पंच्याण्णव वर्षांच्या कराराने मिळालेला खड्डा

सरकारने मला एकदा पंच्याण्णव वर्षांच्या करारावर एक खड्डा दिला होता, ही गोष्ट मी सहसा पाहुण्यांना पहिल्या भेटीत सांगत नाही. दुसऱ्या भेटीपर्यंत ती मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगून झालेली असते आणि माझ्याकडे फक्त तपशील दुरुस्त करायचं काम उरतं.

काळ मोठा उत्साहाचा होता. परवाने-बिरवाने सैल झाले होते आणि पुण्यात ज्याला त्याला काहीतरी सुरू करायचं होतं. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. पहिल्या मजल्यावरचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला होता. मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि मला रबरी वॉशर करायचे होते.

त्याआधी बारा वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. कुठल्या खात्यात? तपासणी! केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी खेप परत पाठवणारा माणूस म्हणून माझा दरारा होता. ("डोळ्यांत तेल घालून बघतो," असं माझे साहेब म्हणायचे. कृपया हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला तोंड लपवायला जागा उरणार नाही.) एके दिवशी मी राजीनामा दिला, नोटिशीचे तीन महिने मोजू लागलो आणि हडपसरच्या पलीकडे, मांजरीच्या वाटेवर नव्याने झालेल्या औद्योगिक वसाहतीत भूखंडासाठी अर्ज केला.

अर्ज, प्रकल्प अहवाल, मुलाखत, सगळं नीट पार पडलं. मग पत्र आलं: तीन भूखंड शिल्लक आहेत, प्रत्यक्ष पाहून त्यांपैकी एकाला आठ दिवसांत लेखी संमती द्या. पत्र हातात घेऊन मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. आई पोळ्या करत होती.

"आई, उद्या जागा बघायला जायचं!"

आईने लाटणं थांबवलं. "आज तिथी काय?"

"द्वितीया असेल. का?"

"पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात जागा बघायची?"

"नुसती बघायचीय गं. बांधायची नंतर."

"बघणं म्हणजेच सुरुवात. मुलगी बघायला जातो का आपण पितृपक्षात?"

"पण आठ दिवसांत संमती द्यायचीय! पितृपक्ष पंधरा दिवस आहे!"

"मग दे की संमती."

"न बघता?"

"सही करायला कोण नको म्हणतंय? सरकारी कागदावर सही करणं हे शुभकार्य कधीपासून झालं?"

मेधा बँकेतून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "मी जाऊन येते लूनावरून. माझे पितर वेगळे आहेत." हा मुद्दा इतका बिनतोड होता की आईने तो ऐकलाच नाही.

तेव्हा जागा घरात बसूनच निवडायचं ठरलं. पत्रासोबत वसाहतीचा नकाशा होता. तो जेवणाच्या टेबलावर पसरून बाबांनी चष्मा लावला. माझे बाबा शाळेत ड्रिलचे मास्तर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त व्हायची होती. हजार मुलांना एका ओळीत उभं करणारा माणूस नकाशाला काय घाबरणार! त्यांनी पहिला भूखंड आतल्या बाजूला म्हणून बाद केला, दुसरा त्रिकोणी म्हणून बाद केला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा घे. कोपऱ्यावरचा आहे, दोन बाजूंना रस्ता."

"बाबा, ह्याच्यात हा तुटक रेघांचा गोल कसला?"

"विहीर."

"एवढी मोठी?"

"मग चांगलंच आहे की! पाण्याची सोय झाली."

बारा वर्षं केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाने, म्हणजे मी, तो गोल भूखंडाच्या तीन चतुर्थांश भागावर पसरलाय हे पाहिलं आणि मान डोलावली. मग छापील संमतीपत्रावर झोकदार सही केली. त्यात लिहिलं होतं की सदर भूखंड मी प्रत्यक्ष पाहिला असून तो आहे त्या स्थितीत स्वीकारण्यास माझी हरकत नाही. मला खरोखरच हरकत नव्हती.

मंजुरी नवरात्रात आली. ताब्याच्या कागदावरही मी वसाहतीच्या ऑफिसातल्या टेबलाशीच सही केली, कारण आईचा आता निर्णय झाला होता की एवढे दिवस थांबलो, तर दसऱ्यालाच जाऊ, बघणं आणि भूमिपूजन एकदमच उरकू. माझं म्हणाल तर मी नोटिशीचे शेवटचे दिवस भरत होतो आणि सहकाऱ्यांना उद्घाटनाची आमंत्रणं देत होतो.

दसऱ्याला सकाळी आम्ही एक टेम्पो केला. आई, बाबा, मेधा, मी, गुरुजी, नवी कुदळ, पाट, कलश, पाच नारळ आणि पेढ्यांचे चार डबे. हडपसरचा बाजार मागे पडला, ऊस लागला, मग वसाहतीचे ताजे डांबरी रस्ते लागले. कोपऱ्यावर आमच्या क्रमांकाचा दगड दिसला. मी टेम्पोतून उडी मारली, चार पावलं पुढे गेलो आणि पाचवं पाऊल हवेत धरून थांबलो.

समोर जमीन नव्हती!

म्हणजे होती, पण पंचवीस-तीस फूट खाली. दगडाची जुनी खाण होती ती. तिच्यात हिरवंगार पाणी होतं आणि पाण्यात सात म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. नोकरी सोडली, साहेबांना हार घालून निरोप घेतला, आणि हातात काय, तर म्हशींचं तळं! माझ्यामागे एकेक करून सगळे येऊन काठावर उभे राहिले.

गुरुजींनी घसा खाकरला. "यजमान, भूमी कुठे आहे?"

"ही... हीच."

"ह्या ठिकाणी भूमिपूजन कसं करायचं?" त्यांनी क्षणभर विचार केला. "जलपूजन करू या का? साहित्य तेच लागतं."

"विहीर म्हटलं होतं मी," बाबा म्हणाले. "तसा फार चुकलो नाही."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, पोहता येतं ना तुम्हाला?"

एवढ्यात पलीकडच्या काठावरून धोतर-टोपीतला एक धिप्पाड माणूस हातात काठी घेऊन फिरून आमच्यापाशी आला. हे बबनराव. मांजरीचे शेतकरी. म्हशी त्यांच्या. थोडी जमीन नव्या सोसायट्यांना विकून त्यांनी अलीकडेच दोन डंपर घेतले होते, हे आम्हाला पहिल्या दोन मिनिटांत कळलं.

"तुमचा हाय व्हय ह्यो खड्डा?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

"हो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या मालमत्तेची कबुली देत होतो.

"म्हशी काढू का भाईर? का ऱ्हाऊ द्यू पूजा हुस्तवर?"

पूजा झाली. आईने ऐकलंच नाही. नारळ काठावरच्या दगडावर फोडला, गुरुजींनी संकल्पात "अस्मिन् भूभागे" म्हणताना आवाज जरा खाली घेतला आणि फुलं पाण्यात सोडली. ती सगळ्यात पुढच्या म्हशीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी वसाहतीच्या ऑफिसात धावत गेलो. वाघमारे साहेब नावाचे अधिकारी होते. बारीक अंगकाठी, पांढरा बुशशर्ट, आणि कुठल्याही बातमीने चेहऱ्यावरची रेघ न हलवण्याचं कसब.

"साहेब, मला खड्डा मिळालाय!"

"बसा."

"अहो, तीस फूट खोल आहे! पाणी आहे! म्हशी आहेत!"

"म्हशी आमच्या नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझी फाईल काढून संमतीपत्रावर बोट ठेवलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"आपण इथे लिहून दिलंय, जागा प्रत्यक्ष पाहिली."

"पाहिली नव्हती."

"का?"

"पितृपक्ष होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तसं लिहायचं होतं."

"पण साहेब, भूखंड म्हणजे जमीन असायला हवी ना?"

"खड्डासुद्धा जमिनीतच असतो. आपण आहे त्या स्थितीत स्वीकारलाय. स्थिती ही होती." त्यांनी कराराची प्रत माझ्याकडे सरकवली. "पंच्याण्णव वर्षं तो आपलाच आहे. मात्र दीड वर्षाच्या आत शेड बांधून उत्पादन सुरू करायचं. नाही केलं, तर भूखंड परत घेतला जाईल."

"आणि मी?"

"आपल्याला परत घेण्याची तरतूद नाही."

मी घरी आलो तेव्हा माझा चेहरा पाहून आईने पाणी आणून दिलं. काय करावं सुचत नव्हतं. बारा वर्षांची नोकरी गेली होती, जुन्या जागी नवा माणूस बसलाही होता, आणि दीड वर्षात तो खड्डा कारखाना झाला नाही तर ना नोकरी, ना जागा. मेधाच्या पगारावर घर चालेल हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ती ते एकदाही बोलली नाही. त्यानेच मला जास्त लागलं.

वाट दाखवली बबनरावांनी. शिमग्याच्या सुमारास ते स्वतः कर्वेनगरला आले, बरोबर दुधाचं कॅन घेऊन.

"सायेब, तकडं हडपसरला ते कम्पूटरवाल्यांची काचंची बिल्डिंग हुतीया. खाली दोन मजलं गाड्या लावाया खांदत्यात. मुरूम टाकाया जागा न्हाय त्यान्ला. तुमच्या खड्ड्यात टाकू का?"

"किती घ्याल?"

"आवं, टाकायचं त्ये मला देत्यात. तुमाला फुकाट!"

फुकट हा शब्द ऐकल्यावर आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले. खड्डा फुकट भरून मिळतोय, तोही आयटीवाल्यांच्या मातीने! आम्ही बबनरावांना चहा दिला, नंतर पोहे दिले आणि शेवटी जेवायलाच बसवलं.

पाणी उपसलं, म्हशींना दुसरीकडे घर मिळालं आणि डंपर सुरू झाले. बाबा रोज सकाळी दोन बस बदलून देखरेखीला जायला लागले. निवृत्त माणसाला चालू असलेलं यंत्र बघायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याच्या घरी निवृत्त माणूस आहे त्यालाच कळेल! पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट, शिट्टी. डंपर मागे घ्यायचा तर बाबांच्या शिट्टीवर. डंपरवाले त्यांना 'सर' म्हणायचे. आठ वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

वैशाखात खड्डा काठापर्यंत येत आला, आणि मला रबराचा प्रेस घ्यायला आणि चालवायला शिकायला राजकोटला जायचं होतं. दोन महिने. निघताना मी बाबांना नीट समजावलं. इथे माझं वाक्य जसंच्या तसं देतो, कारण पुढे घरात ते पुरावा म्हणून पुष्कळदा वापरलं गेलं.

"बाबा, रस्त्याच्या पातळीला आलं की थांबवा. थोडं जास्तच टाकून घ्या, पावसाळ्यात माती बसते."

राजकोटहून मी आठवड्यातून एकदा फोन करायचो.

"बाबा, काम कसं आहे?"

"जोरात! चांगलं वर आलंय."

"रस्त्याएवढं?"

"त्याच्याही वर! तू काळजी करू नकोस. फुकट देतायत, आपण कशाला नको म्हणायचं?"

मला समाधान वाटलं. मेधा फोनवर आली की फक्त एवढंच म्हणायची, "तुम्ही एकदा स्वतः येऊन बघाच." मला वाटलं, कौतुकाने म्हणतेय.

आषाढ लागता लागता परत आलो आणि पहाटेच्या गाडीने उतरून थेट वसाहतीत गेलो. कोपऱ्यावर पोचलो, पण भूखंड सापडेना. क्रमांकाचा दगड दिसेना. रस्ता तोच, शेजारचं कुंपण तेच, मधेच ही टेकडी कुठून आली? मी तिला दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात स्वेटर घातलेले एक गृहस्थ झपाझप चालत आले.

"काय शोधताय?"

"अहो, इथे एक प्लॉट होता."

"असं करा, वर चला. वरून सगळं दिसतं."

त्यांच्या मागोमाग मी पायवाटेने वर चढलो. (हो, पायवाट पडलेली होती!) धापा टाकत माथ्यावर आलो तर तिथे वीस-बावीस ज्येष्ठ नागरिक चार ओळींत उभे होते, हात आकाशाकडे, आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या बुटांत माझे बाबा!

"एक... दोन... तीन... श्वास सोडा!" फुर्र! शिट्टी वाजली. "अरे, आलास? ये, शेवटच्या ओळीत उभा राहा."

मी मटकन खाली बसलो. माझ्या खाली माझा खड्डा होता, त्याच्यावर माझा भूखंड होता आणि त्याच्यावर पस्तीस फूट फुकट माती होती!

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

"तूच म्हणालास, थोडं जास्त घ्या."

"थोडं!"

"पावसाळ्यात बसेल रे."

बसली नाही. उगवली! श्रावणापर्यंत टेकडीवर गुडघ्याएवढं गवत आलं. मांजरीच्या नव्या सोसायट्यांमधली ही निवृत्त मंडळी. आजूबाजूला सगळा सपाट ऊस, चढायला काही नाही, आणि पुण्यात राहायला आलोय तर सकाळी टेकडीवर गेलंच पाहिजे असा त्यांचा समज. त्यांना आयती टेकडी मिळाली, आणि वर शिट्टीवाले सर. कुणाची साखर उतरली, कुणाचा गुडघा दुखायचा थांबला. स्वेटरवाले गृहस्थ तर म्हणाले, "मी बायकोशीसुद्धा हल्ली नीट बोलतो." मग त्यांनी वृक्षारोपण केलं. चाळीस रोपं! प्रत्येकाला बांबूचं कुंपण आणि नावाची पाटी. बाबांच्या नावाचा कडुनिंब सगळ्यात वर.

इकडे राजकोटहून प्रेस आला. ठेवायला जागा नाही, म्हणून तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा केला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सेक्रेटरींची पाटी लागली: 'ही वाहने ठेवण्याची जागा आहे. हे वाहन असल्यास चालवून दाखवावे.'

पाऊस थांबल्यावर मी बबनरावांना गाठलं. "बबनराव, माती परत न्या."

"परत?" त्यांना हसू आवरेना. "सायेब, टाकाया पैकं मिळत्यात. काढाया कोण यील? आता मुरूम कुणालाच नगं."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी रोज त्या टेकडीकडे बघून यायचो. लोक सकाळी उठून तिच्यावर चढून ताजेतवाने व्हायचे आणि मी खाली उभा राहून आजारी पडायचो. शेवटी माघात नशीब उघडलं. जवळच एका रस्त्याचं भरावाचं काम निघालं, ठेकेदाराला मुरूम हवा होता, आणि बबनराव म्हणाले, "बुदवारी सकाळी मशीन लावतो." त्याच आठवड्यात वाघमारे साहेबांचं पत्र आलं: मुदत संपत आली आहे, बुधवारी सकाळी नऊ वाजता भूखंडाची पाहणी केली जाईल. मला वाटलं, बरंच झालं! साहेबांना काम सुरू झालेलं तरी दिसेल.

मंगळवारी मी बाबांना सांगितलं, "उद्या टेकडी काढतोय." बाबा त्या रात्री लवकर झोपले.

बुधवारी साडेआठला मी आणि मेधा पोचलो. रस्त्यात जेसीबी उभा, मागे बबनरावांचे डंपर, आणि त्यांच्यापुढे चार ओळींत, हाताला हात धरून, वीस-बावीस ज्येष्ठ नागरिक! हातात पुठ्ठे: 'टेकडी वाचवा', 'आमचा श्वास, आमची टेकडी', आणि एकावर नुसतंच 'विचार करा'. सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या बुटांत, छाती काढून, कोण असेल?

"बाबा!" मी किंचाळलो. "तुम्ही माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध नाही. टेकडीच्या बाजूने."

"अहो, ही टेकडी नाहीये! हा माझा प्लॉट आहे!"

"कागदोपत्री असेल."

"बाबा, मी नोकरी सोडलीय! आज साहेब येतायत. शेड दिसली नाही तर जागा जाईल. मी काय करू मग?"

बाबांचा चेहरा क्षणभर हलला. मग ते खाली बघत म्हणाले, "मला कळतं रे. पण ह्या लोकांना मी शब्द दिलाय. आठ वर्षांनी कुणी माझ्या शिट्टीवर हात वर केलेत."

राग आला होता, आणि म्हाताऱ्याला मिठी मारावीशीही वाटत होती. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

"सायेब," बबनराव माझ्या कानाशी म्हणाले, "मशीन चालू ठिवू का बंद करू? डिझेल जातंय."

आणि तेवढ्यात वाघमारे साहेबांची जीप आली. साहेब उतरले. त्यांनी टेकडी पाहिली, झाडं पाहिली, पुठ्ठे वाचले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली.

"इथे खड्डा होता ना?"

"होता."

"मग हे काय?"

"भरला."

"थांबायचं कुठे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही का?"

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि मागे मेधा खोकली.

साहेब शांतपणे वर चढले. आम्ही सगळे त्यांच्यामागे, आंदोलकसुद्धा. माथ्यावर वारा सुटला होता. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि चहूकडे पाहिलं. मी हात जोडून तयार होतो. आता ते म्हणणार, भूखंड परत. मेधाने माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती, तेव्हा कळलं की गेलं दीड वर्ष तीही घाबरलेली होती.

"ही शेजारची मोकळी जागा दिसतेय?" साहेबांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ती उद्यानासाठी राखीव आहे. वसाहत झाल्यापासून वरून मला विचारतायत, उद्यान कुठे? माझ्याकडे ना माती, ना झाडं, ना माळी." ते बाबांकडे वळले. "आजोबा, ही टेकडी रस्ता ओलांडून तिकडे गेली तर चालेल?"

बाबांनी आपल्या चारही ओळींकडे पाहिलं.

"झाडांसकट?"

"झाडांसकट."

"आणि शिट्टी वाजवायची परवानगी?"

"सकाळी सहा ते आठ. लेखी देतो."

बाबांनी शिट्टी फुंकली. आंदोलन संपलं! बबनरावांनी त्याच मिनिटाला जेसीबी पुढे घेतला. ज्येष्ठ नागरिकांनी आपापलं रोप मुळांसकट उपसून कडेवर घेतलं आणि ओळीने रस्ता ओलांडला. रस्त्याच्या ठेकेदाराला काय सांगायचं हा प्रश्न बबनरावांनी स्वतःच सोडवला. कसा, ते मी विचारलं नाही.

राहता राहिला मी. "साहेब," मी चाचरत विचारलं, "माझ्या मुदतीचं काय?"

"मुदतवाढ द्यायची तर पाहणीच्या फॉर्मवर थोडी तरी प्रगती दाखवावी लागते." साहेबांनी जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि पेन काढलं. "शेड?"

"नाही."

"यंत्रसामग्री?"

"पार्किंगमध्ये आहे."

"कामगार?"

मी बाबांकडे पाहिलं. साहेबांनी तो रकाना सोडून दिला. मग ते बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले, शिक्का मारला आणि एक प्रत माझ्या हातात दिली. सहा महिन्यांची मुदतवाढ मंजूर! माझे डोळे भरून आले. मेधा माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती आधी थरथरली, मग रस्त्यातच खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली.

शेड सहा महिन्यांत उभी राहिली, वॉशरही निघू लागले, चांगले निघतात. पण ऑफिसातल्या माझ्या फाईलमध्ये तो फॉर्म अजून आहे. 'आजवर तयार झालेला माल' ह्या रकान्यात साहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'टेकडी, एक नग', आणि त्याच्यापुढे 'बाजारातील मागणी' ह्या रकान्यात, 'प्रचंड. ग्राहक माल सोडायला तयार नाहीत.' माझ्या वॉशरबद्दल असं आजतागायत कुणीही लिहून दिलेलं नाही.